चौदा एप्रिलवाल्या

२४ फेब्रुवारी, सोमवार

परत उलटली!

सकाळपासून हेच चाललंय. मी टाकते ५-३, म्हणजे पाच मार्च, आणि कॉम्प्युटर त्याची तीन मे करून मोकळा. विचारत नाही, सांगत नाही. बारापर्यंतचा कुठलाही दिवस याला महिना वाटतो. बाराच्या पुढे गेलं की याचं डोकं चालत नाही, मग ती तारीख रकान्यात डावीकडे चिकटून बसते. डावीकडे चिकटली म्हणजे याच्या लेखी ती तारीखच नव्हे, नुसती अक्षरं. त्यावरून वय काढायला गेलं की चूक दाखवतो. चूक याची, दाखवतो मला!

तालुक्यातल्या सगळ्या अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांच्या जन्मतारखा, रुजू झाल्याच्या तारखा, सगळं एका शीटमध्ये पाहिजे. एप्रिलच्या मध्यापर्यंत जिल्ह्याला गेलं पाहिजे. जी बाई यादीत नाही ती नव्या पोर्टलवर नाही, आणि जी पोर्टलवर नाही ती नोकरीवर नाही, असं साहेबांनी मीटिंगमध्ये तीन-तीनदा सांगितलं. माझ्याआधीचा ऑपरेटर राजदीप नागपूरला पळाला आणि मागे ही फाइल ठेवून गेला. कुठं टिंब, कुठं तिरकी रेघ, कुठं मराठी आकडे, कुठं नुसतं "सन ७१". त्याला समोर बसवून एकेक रकाना वाचायला लावला पाहिजे.

साहेब येता-जाता बघतात. "तुम्हाला वेगासाठी ठेवलं आहे, मॅडम." हो ना. कंत्राटी माणसाला दुसरं कशासाठी ठेवतात!

२५ फेब्रुवारी

सापडलं. मशीन अमेरिकेच्या हिशोबानं लावलेलं होतं. तिकडे महिना आधी लिहितात म्हणे. लिहा बापडे. पण गडचिरोली जिल्ह्यातल्या ऑफिसात अमेरिकेची तारीख कशाला? सेटिंगमध्ये जाऊन भारत निवडलं. राजदीपचा सगळा रकाना उचलला, "टेक्स्ट टू कॉलम्स" उघडलं, तिसऱ्या पायरीला दिवस-महिना-वर्ष हा क्रम दिला, आणि सगळ्या तारखा एका दमात उजवीकडे सरकल्या. जवळपास ओरडलेच मी.

साहेबांना म्हटलं, तुमच्या लॅपटॉपचंही करून देते. तर म्हणे, "माझ्या मशीनला हात लावू नका." राहू द्या मग अमेरिकेत.

२६ फेब्रुवारी

शिवरात्र. सुट्टी. गावातली सगळी माणसं मार्कंड्याच्या जत्रेला, सगळ्या एसट्या मार्कंड्याला. मी कपडे धुतले आणि झोपले.

२८ फेब्रुवारी

हात बसला आता. नंबरांच्या पट्टीवरून २-११-७४ मारायचं, एंटर. बोट वर न उचलता. आजची तारीख पाहिजे तर कंट्रोल आणि अर्धविराम, झालं. रकाना निवडून कंट्रोल-एक, तिथं सगळ्यात वरची, मशीनच्या सेटिंगप्रमाणे दिसणारी तारीख निवडली की सगळ्या एका वळणाच्या. वर्ष मात्र जपून लिहायचं. एका बाईचं २८ आलं, तर मशीननं तिला २०२८ मध्ये जन्माला घातलं. दाखला काढून पाहिला तर ते ८२ होतं.

रुजू तारखेच्या रकान्यात एका सेविकेनं लिहिलंय — "होळीच्या दोन दिवस आधी." कोणती होळी, बाई?

आणि जन्मतारखा! एक जून, एक जून, एक जुलै, परत एक जून. अर्धा तालुका एक जूनला जन्मलाय. शाळा उघडली, बाप पोराला घेऊन गेला, गुरुजींनी विचारलं कधीचा, बाप गप्प, लिहिलं एक जून. ऑफिसच्या स्टाफ यादीत आमचे साहेबही एक जूनच आहेत. मे महिन्याच्या शेवटी रिटायर होतायत. सुटेन एकदाची.

४ मार्च, मंगळवार

राजदीपला शिव्या घालून घसा बसला. एका जागी बघते तर १४-०४. खाली १४-०४. मधे दोन वेगळ्या, परत १४-०४. सगळ्या मदतनीस, वीस-बावीस जणी. मी म्हटलं, या पठ्ठ्यानं कंट्रोल-डी मारून वरची तारीख खाली ढकलली आणि चहाला गेला.

तबस्सुमला दाखवलं. ती आमची पर्यवेक्षिका, या सगळ्या गावांत स्कूटीनं फिरते, माझी इथली एकुलती एक मैत्रीण. रोजे सुरू आहेत म्हणून बिचारी टेबलावर डोकं ठेवून बसली होती. डोकं न उचलता म्हणाली, "वर्षं बघ ना."

वर्षं बघितली. ६९, ७२, ७०, ७४. सगळी वेगळी. खाली ओढलेलं नव्हतं. कोणीतरी एकेक करून हातानं लिहिलेलं.

राजदीप, माफ कर. टिंबांसाठी नाही, एवढ्यापुरतं.

५ मार्च

बल्लारपूरला आईला फोन. सहज सांगितलं तर हसायला लागली. "त्यात कायचं नवल वं. तुया मोठ्या मामाची बी चौदाच हाये." मामाला गुरुजींनी दिली म्हणे. छप्पन्न सालानंतर आपल्या वस्त्यांमध्ये बऱ्याच पोरांना तशी दिली. ज्यांना स्वतःची तारीख नव्हती त्यांना बाबासाहेबांची.

मला एवढी वर्षं कोणी सांगितलं नाही! मला वाटायचं, मामाला जयंतीचा उत्साह जास्त म्हणून तो त्या दिवशी नवा शर्ट घालतो.

१० मार्च

आज काम उरकून त्या ओळी वेगळ्या काढल्या. जन्मवर्षाप्रमाणे लावल्या, शेजारी गाव. आणि बसल्या जागी माणूस दिसायला लागला! ६६ ते ६८ च्या एका गावात. नंतरच्या दोन-तीन वर्षांच्या दुसऱ्या गावात, नदीच्या अलीकडे. मग पार तिसऱ्या टोकाला. बदली होत होती कोणाचीतरी, आणि जिथं बदली तिथं चौदा एप्रिल.

तबस्सुमनं गावांतून विचारून आणलं. खोब्रागडे गुरुजी. वारून वर्षं झाली. सायकलवर फिरायचे. वस्तीत शिरून पोरी शाळेत घालायला लावायचे, बाप नाही म्हणाला तर दारात बसून राहायचे. बायका अजून त्यांचं नाव घेताना पदर सावरतात म्हणे.

दिवसभर बरं वाटत होतं. राग आला नाही असा दिवस या ऑफिसात विरळाच.

१७ मार्च, सोमवार

आला राग. व्याजासकट आला.

साहेबांनी शीट तपासायला मागितली. केबिनमध्ये बोलावलं. समोर प्रिंट, आणि चौदा एप्रिलच्या प्रत्येक ओळीवर लाल पेननं गोल. "हे काय आहे?" मी सांगितलं. शाळेच्या दाखल्यावर आहे तेच आहे, प्रत्येकीचा दाखला जोडलाय.

ऐकूनच घेत नाहीत. साहेब बोलतात ते कसं, पुस्तकातून उतरवल्यासारखं, एक शब्द इकडचा नाही. "जिल्ह्यावर हे बनावट वाटेल. चौकशी लागेल. मला दोन महिन्यांत निवृत्त व्हायचं आहे. या सगळ्यांची एक जून करून टाका, कोणी विचारणार नाही."

मी म्हटलं, साहेब, एक जूनवाल्या याच्या चौपट आहेत, त्यांच्यावर गोल का नाही?

"ती सर्वसाधारण आहे."

आणि ही काय आहे?

पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. मग म्हणाले, "यादी पाहताच लोकांना कळतं, मॅडम."

"काय कळतं?"

प्रिंट माझ्याकडे सरकवला. तुमचं काम वेगाचं आहे, दोन मिनिटांत होईल, म्हणाले.

दोन मिनिटांत होईल! तेच तर. एवढ्या बायकांचा जन्म पुसायला दोन मिनिटंही लागणार नाहीत. मला कळत नाही का काय कळतं ते? कळतं की या आमच्यातल्या आहेत. ते कळू नये असं यांना वाटतं, आणि एक जून म्हणजे सर्वसाधारण! स्वतःची एक जून आहे ना, म्हणून. ती तरी खरी आहे का? यांची आई काय शाळा उघडायची वाट बघत थांबली होती?

१८ मार्च

नाही म्हणून सांगितलं. तोंडावर. दाखल्यात आहे ते लिहीन, दाखल्यात नाही ते नाही.

साहेब आवाज चढवत नाहीत, हेच वाईट. माझं कंत्राट पुढं वाढवायचं की नाही ते त्यांच्या सहीवर आहे, याची आठवण करून दिली. शिवाय एटापल्लीला ऑपरेटर नाही, तिकडे पाठवता येईल. एटापल्ली म्हणजे काय काळं पाणी आहे? तिथं माणसं राहत नाहीत? तिथंही कॉम्प्युटर अमेरिकेचाच असेल, दुसरं काय.

बाहेर आल्यावर मात्र एटापल्लीच्या एसटीची वेळ विचारून घेतली.

२० मार्च

साहेब बोलत नाहीत. मीही नाही. ऑफिसातला बाबू मधे निरोप ने-आण करतो.

२४ मार्च, सोमवार

आज तबस्सुमशी भांडले. तिच्याशी! रोज्यात तिच्याशी भांडायला नको होतं, पण तीच म्हणाली.

म्हणाली, "तुझं काय जातं? एक जून टाक, त्यांची नोकरी तर राहील. यादी जिल्ह्यावरून परत आली तर वीस बाया घरी बसतील, तू नाई. त्यांच्या जिवावर काऊन लढून राह्यली?"

मी काय काय बोलले. तू नाही समजणार, असं पण बोलले. ती उठून गेली. मग थोड्या वेळानं परत आली आणि दारातूनच म्हणाली, "नाव बघून काय कळते ते मले समजत नाई, असं तुले वाटते?"

तिचं नाव तबस्सुम आहे, हे मी विसरले कसं?

पण तिचं बाकीचं बोलणं डोक्यातून जात नाही. खरंच, माझ्या रागापायी त्यांची नोकरी गेली तर? त्यांना कोणी विचारलंय का? मीही नाही विचारलं. साहेबांनीही नाही.

२६ मार्च

विचारलं. एकीलाच, पण विचारलं.

रुखमाबाई गावाहून तिखट-मीठ घ्यायला आली होती, ऑफिसात डोकावली. नदीकाठच्या अंगणवाडीची मदतनीस. मुलांची खिचडी ती शिजवते, भांडी ती घासते. सडपातळ बाई, बोलते मोजून. तिला सगळं सांगितलं. साहेब एक जून करा म्हणतात, नाही केली तर यादी अडकू शकते, नोकरीवर येऊ शकतं. तुला काय वाटतं?

मला वाटलं होतं ती रागावेल. ती म्हणाली, "सायेब म्हनते तसं करून टाक ना बाई. पोटाचं पाहा लागते." पिशवी उचलली आणि गेली.

मला इतका राग आला! तिचा. मग स्वतःचा. ती काय चूक बोलली?

उद्या बदलू का?

२८ मार्च, शुक्रवार

बदललं नाही. बदलवत नाही. पाच वेळा त्या रकान्यावर गेले आणि परत आले. शेवटी आहे तशीच फाइल साहेबांना मेल केली, त्यांनी मागितलीच होती. एक प्रत माझ्याकडे ठेवली. संध्याकाळच्या गाडीनं बल्लारपूर. पाडवा आणि ईद लागून आहेत, मंगळवारी परत येईन. तबस्सुमनं ईदचं निमंत्रण दिलं, म्हणजे भांडण मिटलं. जाता येणार नाही तरी शीरखुर्मा डब्यात ठेवते म्हणाली.

१ एप्रिल, मंगळवार

लिहायला बसले तरी अजून कान तापलेले आहेत. नीट क्रमानं लिहिते.

पहाटेच्या गाडीनं आले, ऑफिसात पोचायला उशीर झाला. आज मदतनिसांनी स्वतःची ओळ तपासून सही करायची होती. व्हरांड्यात रांग लागलेली, बाबूनं प्रिंट मांडलेले, सह्या-अंगठे चाललेले. रुखमाबाई टेबलाशी उभी आणि रांग अडलेली. ती चौथीपर्यंत शिकलेली, वाचता येतं. तिनं बोट ठेवलं होतं आणि ते ती काढत नव्हती.

मी वाकून बघितलं. ०६-०१-१९७०.

सहा जानेवारी! खाली बघितलं, सहा जानेवारी. जिथं जिथं चौदा एप्रिल होती तिथं तिथं सहा जानेवारी.

माझ्या डोक्यात उजेड पडला तेव्हा मला हसावं की डोकं आपटावं ते कळेना. सुट्टीत साहेबांनी स्वतः बसून, एकेक करून, हातानं बदललं. त्यांच्या त्या अमेरिकन लॅपटॉपवर. त्यांनी टाकली १-६, एक जून. त्यांच्या पडद्यावर एक-सहाच दिसत राहिलं, बरोबर वाटलं. पण आत मशीननं धरलं पहिला महिना, सहावा दिवस. आणि बाबूनं इथल्या मशीनवर फाइल उघडून छापली तेव्हा ते खरं रूप बाहेर आलं. ना चौदा एप्रिल राहिली, ना एक जून झाली!

सेटिंग बदलायला हात लावू देत नव्हते ना मशीनला? घ्या.

बाबू रुखमाबाईला म्हणत होता, कर गं बाई सही, मागे लाइन आहे. साहेब गडबड ऐकून केबिनच्या दारात आले. मी तोंड उघडणारच होते, तेवढ्यात रुखमाबाईच बोलली. आवाज चढवला नाही.

"हे कोनाची होय? माही नोहोय हे."

बाबू म्हणाला, तारीख आहे, काय फरक पडतो.

"एक जून करा मनलं होतं मी," रुखमाबाई म्हणाली. "चार दिस झोप नाई आली मले त्याच्यानं. आता पाहतो तं हे तिसरीच. माया बापाले ठाव नोती मी कवाची. टेंभरं पिकले होते, येवढंच सांगे. गुरुजीनं मनलं, मंग मी देतो तुया पोरीले दिवस. चांगला दिवस देतो. त्या दिवशी वस्तीत साऱ्याच्या घरी गोड रायते, कोनाचंच लेकरू त्या दिवशी उपाशी नाई रायणार, वाढदिवसाले त कदीच नाई." तिनं बोट उचललं. "थे एकच वस्तू मले फुकट भेटली. थे बी घेऊन घेता का?"

अंगठा देऊन बाजूला थांबलेल्या बायकांपैकी एकीनं आपला कागद टेबलावरून परत ओढला. मग दुसरीनं.

मी साहेबांकडे वळले. जे बोलायचं साठवलं होतं ते सगळं बोलले, सगळ्यांच्या समोर. तुमच्या लॅपटॉपनं काय केलं ते सांगितलं. तुम्हाला यांची तारीख खुपते कारण ती बघून यांची जात कळते, हेही सांगितलं. एक जून तुमची, म्हणून ती स्वच्छ का, हेही विचारलं. नोकरी गेली तर गेली.

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं आता ओरडतील. ते आत गेले आणि दार लावून घेतलं. दुपारी जेवायलाही बाहेर आले नाहीत.

तबस्सुमनं शीरखुर्मा समोर ठेवला. मी खाल्ला नाही. मग खाल्ला.

३ एप्रिल

बाबूच्या हातून चिठ्ठी: "मूळ दाखल्याप्रमाणे ठेवावे." सही. बस्स.

जुनी प्रत उघडली, रकाना उचलला, जागेवर ठेवला. सगळ्या उजवीकडे नीट बसल्या. प्रिंट काढले, तबस्सुम स्कूटीवर घेऊन गेली आणि गावोगाव सह्या करून आणल्या. यादी गेली.

जिंकले म्हणू का? माझ्याकडे बघतही नाहीत. कंत्राटाच्या कागदावर अजून सही नाही.

९ एप्रिल, बुधवार

यादी परत आली. तबस्सुम म्हणाली होती तशीच आली.

वरून पत्र: इतक्या मदतनिसांची जन्मतारीख एकच कशी, खुलासा पंधरा तारखेपर्यंत सादर करावा, अन्यथा सदर नावे वगळून यादी पोर्टलवर घेण्यात येईल. एक जूनबद्दल एक शब्द नाही. एक शब्द नाही!

खुलासा कार्यालयप्रमुखानं करायचा. म्हणजे साहेबांनी. यांचं एक कोरडं वाक्य आलं, "नोंदींची खातरजमा करता येत नाही", की वीस बायका घरी. आणि त्यांच्याशी मी व्हरांड्यात सगळ्यांसमोर काय बोलले आहे! आता ते कशाला लिहितील त्यांच्या बाजूनं? माझ्या तोंडाला कुलूप नाही, आणि त्याची किंमत रुखमाबाई देणार.

मी खुलासा टाईप करून बाबूच्या हाती आत पाठवला. दाखले, गुरुजींच्या बदल्यांचा तक्ता, सगळं लावून. परत आला नाही. सहीही आली नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

केबिनमध्ये गेले. माफी मागायचीच असं ठरवून. व्हरांड्यात बोलले ते चुकीच्या जागी बोलले, म्हटलं. चुकीचं बोलले असं नाही म्हटलं, ते जमलं नाही. पण बायकांचं त्यात काय आहे, सही करा, असं म्हटलं.

माझा खुलासा त्यांच्यापुढेच होता. गुरुजींच्या तक्त्याचं पान उघडं होतं. साहेब वाचत होते की नुसते बघत होते, कोण जाणे. "पाहतो," म्हणाले. मग म्हणाले, "तुम्हाला गुरुजींचं नाव कोणी सांगितलं?" म्हटलं, बायकांनी. "हं."

आणि सोमवारची सुट्टी धरून गावाला निघून गेले! पंधराला मुदत, आणि हे चालले गावाला. पाहतो म्हणे. काय पाहणार आहेत? दीड महिना काढायचा आहे यांना, बस्स. एवढ्या शांतपणे माणूस वीस जणींच्या चुलीत पाणी ओततो!

१४ एप्रिल, सोमवार

रुखमाबाईच्या गावी गेले. तबस्सुमच्या स्कूटीवर मागे बसून. निळे झेंडे, पांढरी लुगडी, सकाळची वंदना, मिरवणूक. प्रत्येक घरातून खीर. तिसऱ्या घरी मी हात जोडले.

रुखमाबाईला पत्राचं सांगितलं नव्हतं, आज सांगावं लागलं. ऐकून घेतलं. "बरं," म्हणाली. मग नव्या लुगड्याचा पदर सारखा करून म्हणाली, "आज नको मले थे. आज माया वाढदिवस हाये." आणि वाटी भरायला आत गेली.

उद्या दुपारपर्यंत वेळ आहे. साहेब आले नाहीत तर मी स्वतः पत्र घेऊन गडचिरोलीला जाणार. कोण आत घेईल मला? नको घेऊ देत. दारात बसेन.

१५ एप्रिल, मंगळवार

साहेब माझ्याआधी येऊन बसले होते. बोलावलं. माझा खुलासा बाजूला ठेवला आणि म्हणाले, मी सांगतो ते टाईप करा. त्यांनी सांगितलं, मी टाईप केलं. सदर नोंदी बनावट नाहीत. श्री. खोब्रागडे गुरुजी यांनी ज्या ज्या शाळांत काम केले, तेथील ज्या बालकांची जन्मतारीख पालकांस ज्ञात नव्हती, त्यांस त्यांनी हीच तारीख दिली. इथं थांबले. चष्मा काढला, पुसला, घातला नाही.

"पुढे लिहा. निम्नस्वाक्षरीकार हा त्यांपैकीच एक असून, महाविद्यालयात असताना त्याने ती बदलून एक जून करून घेतली."

माझी बोटं थांबली.

"लिवा ना, मॅडम," साहेब म्हणाले. "मले बी त्याच गुरुजीनं देल्ली होती."